आठ हजार नंबरचं दार

मी डब्बी बोलतेय. खोक्यावर माझं नाव राउटर असं छापलेलं होतं, पण सुखवंताबाईंनी पहिल्याच दिवशी मला डब्बी म्हटलं आणि तेच चिकटलं. दरेकस्यात, रेल्वेलाईनजवळच्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या खिळ्यावर मी टांगलेली असते. मालगाडी गेली की खिळा हलतो आणि मी दचकते. गाडी रोजची, तरी रोज दचकते. स्वभावच आहे, काय करणार.

बिघडलं ते एका बारीकशा गोष्टीपासून. नेटवर येणाऱ्या घरातल्या प्रत्येक यंत्राला मी एक नंबर देते. त्या सकाळी कॅमेऱ्यानं माझ्याकडे नंबर मागितला आणि मी त्याला सात दिला. आदल्या दिवसापर्यंत त्याचा नंबर पाच होता. पाच त्या सकाळी टीव्हीनं आधी येऊन नेला. मला तेव्हाच कसंसं झालं. काहीतरी चुकलं, असं आतून वाटत राहिलं. पण मला तोंड नाही. चार हिरवे दिवे आहेत, तेवढेच लुकलुकवले. घरात त्यांच्याकडे कोण बघतं?

नंबराचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधीचं थोडं सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी तिथं एका पट्ट्यावरून सरकत होत्या. माझं पहिलं घर आमगावातलं एक मोबाईलचं दुकान. तिथं दिवसभर पोरं बाहेरच्या पायरीवर बसून माझ्या जिवावर सिनेमे बघायची. मी तापून लाल व्हायची. ते दुकान बंद झालं आणि केबलवाल्या गुड्डूनं मला उचलून इथं आणलं. तो म्हणाला, "काकी, एकदम नई जैसी है." मी नई जैसी नव्हते. पण इथं मला माणसासारखं वागवलं गेलं. दसऱ्याला विळा, नांगर, शिलाई मशीन यांच्याबरोबर मलाही हळदकुंकू लागलं. ते कुंकू अजून माझ्या जाळीत अडकलेलं आहे.

घरात माणसं तीनच. लखनलालजी, त्यांची बायको सुखवंताबाई आणि मुलगी रविता. रविता कॉम्प्युटर घेऊन बी. एस्सी. झालेली, गोंदियाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. पोरगी हुशार, पण माझ्यासारखीच. कुकरची शिट्टी झाली तरी उडते.

उन्हाळ्यात लखनलालजींना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दवाखाना झाला, मालीश झालं, आता काठी धरून खाटेपासून मोरीपर्यंत जातात. मोठा फोन त्यांना चालवता येत नाही. डाव्या हाताचं बोट भलतीकडेच पडतं. आणि टेकडीमुळे घरात मोबाईलची रेंजही येत नाही. जे काही जगाशी बोलणं आहे, ते माझ्यामार्फत.

मग रोवणी आली, भाताची लावणी. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी साचलं, पऱ्हे उपटून लावण्याजोगे झाले, आणि आपल्या बांधीत रोवणाऱ्या बाया लागलेल्या असताना घरची बाई घरी कशी बसणार? सुखवंताबाई जेवणाची शिदोरी घेऊन निघायच्या. एके दिवशी दुपारी लखनलालजी मोरीच्या उंबऱ्यात पडले. हाक मारायचा प्रयत्न केला, आवाज निघेना. सुखवंताबाई चिखलाच्या पायांनी घरी आल्या तोवर ते तसेच ओल्यात पडून होते. मी वरून बघत होते. कोणाला सांगू?

त्या संध्याकाळी रविता म्हणाली, "मी नोकरी सोडतो, आई."

लखनलालजींनी काठी जमिनीवर आपटली. बोलता येईना तर काठीच बोलली.

सुखवंताबाई म्हणाल्या, "दोन महिने झाले नाही तुले लागून. कायले सोडतेस? काही तरी दुसरं पाह्य."

दुसरं म्हणजे हा कॅमेरा. धनेंद्रमामांच्या राईस मिलच्या फाटकावर तो पूर्वी असायचा. त्याला कान आहे आणि तोंडही आहे, त्यातून मामा ट्रकवाल्यांना ओरडायचे. मामांनी नवीन बसवले आणि हा भाचीला देऊन टाकला. पण त्याच्या कंपनीनं त्याचं ॲप कधीच बंद केलेलं. आता बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचं तर एकच वाट, पोर्ट फॉरवर्डिंग.

हे फार अवघड नाही. माझ्या अंगाला हजारो दारं आहेत आणि बाहेरच्यांसाठी ती सगळी बंद असतात. रवितानं मला सांगून ठेवलं, आठ हजार नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला आत घे आणि पाच नंबरकडे पोचव. पाच नंबर म्हणजे कॅमेरा. रविता लॅबमधून फोनवर माझा पत्ता घालायची, मी दार उघडायची, कॅमेरा तिला बाबा दाखवायचा. ती म्हणायची, "बाबा, गोळी घेतली?" ते खाटेवरून मान हलवायचे. बस. एवढ्यावर ती दिवस काढायची.

लखनलालजींना मात्र हा कॅमेरा मुळीच आवडला नाही. जीभ वळत नव्हती तरी एकदा त्यांनी सुखवंताबाईंना अडखळत ऐकवलं, "मी का चोर आहो का? माह्यावर पहारा बसवला."

"पोरीचा जीव लागते म्हून बसवला," त्या म्हणाल्या. "पाह्यचा नसन तर डोरे मिटून घ्या."

आणि मग ती सकाळ. पाचचा सात.

त्या दुपारी रविता आली दारावर. आठ हजार. मला सांगितल्याप्रमाणे मी तिला पाच नंबरकडे नेलं. तिथं टीव्ही. टीव्हीला तिची भाषा कळेना. तो गप्प. ती परत आली, परत टीव्ही. परत आली. मी सारखी तिला चुकीच्या दारात नेऊन उभी करत होते आणि मला ते माहीत होतं! माझा जीव किती तळमळला म्हणून सांगू. नियम म्हणजे नियम. पाच म्हटलं तर पाच.

संध्याकाळी ती धापा टाकत घरात शिरली. बाबा खाटेवर चहा पीत बसलेले.

"आई, कॅमेऱ्याले काही केलं का?"

"नाही वो बाई."

"प्लग काढला होता?"

"तूनं सांगतलं ना, कॅमेऱ्याचा प्लग नोको काढू. हात लावला नाही मी."

आणि हे शब्दाशब्दाला खरं होतं. सुखवंताबाईंनी कॅमेऱ्याला देवासारखं सांभाळलं होतं. त्यांनी काढला होता माझा प्लग.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज फार पडते. मागच्या वर्षी शेजारच्या हिरालालांकडे टीव्ही, पंखा, मोटर सगळं एका कडकडाटात जळालं. तेव्हापासून आभाळ काळं झालं की सुखवंताबाई घरभर फिरून प्लग ओढतात, आणि आभाळ मोकळं झालं की परत खोचतात. कॅमेऱ्याचा सोडून. माझं मात्र असं आहे की प्लग गेला की माझी नंबरांची वही कोरी होते. नियम लक्षात राहतात, पण कोणाला कोणता नंबर दिला ते पुसलं जातं. जाग आली की जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा नंबर. कधी टीव्ही, कधी सुखवंताबाईंचा फोन.

रवितानं कॅमेरा बंद करून चालू केला. मला बंद करून चालू केलं. योगायोगानं पाच परत कॅमेऱ्याकडे गेला आणि सगळं सुरळीत. ती हसली, देवाला हात जोडले. दोन दिवसांनी परत आभाळ, परत प्लग, परत टीव्ही.

ती वेडी व्हायची वेळ आली. घरात तपासून उपयोग नाही, कारण आतूनच माझ्या बाहेरच्या दारावर आलेल्या माणसाला मी ओळखतच नाही. आमच्या जातीच्या स्वस्तातल्या डब्ब्या असंच करतात. खरं तपासायचं तर मोबाईलच्या रेंजवर जाऊन, आणि रेंज फक्त स्टेशनच्या फलाटावर. म्हणून ती एक सेटिंग बदलायची, चप्पल अडकवून स्टेशनला जायची, तिथून दार वाजवायची, नाही लागलं की परत यायची, परत बदलायची, परत फलाट. स्टेशनवरच्या चहावाल्या उमेंद्रनं एकदा विचारलं म्हणे, "रविताबाई, कोनाची वाट पाहून राह्यली? गाडी त केव्हाचीच गेली."

घरी येऊन तिनं उशीत तोंड खुपसलं. "आई, माले नाही जमत. मी सोडतोच नोकरी."

मी चारही दिवे लुकलुकवले. मोठ्यानं, जमेल तेवढे. प्लग! प्लग विचार! सुखवंताबाई म्हणाल्या, "डब्बीचे डोरे पाह्य, कशी मिचकावून राह्यली," आणि माझ्यावरची धूळ पुसली.

सुटलं ते एका रविवारी. रविता घरी, आभाळ भरून आलेलं. टेकडीमागं गडगडलं, आम्ही दोघी एकदमच दचकलो. सुखवंताबाई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं आल्या, टीव्हीचा प्लग ओढला आणि दुसरा हात माझ्या प्लगकडे नेला.

"आई! हे काय करून राह्यली?"

"ईज कडकून राह्यली, दिसत नाही का?"

"डब्बीचा प्लग तू काढते?"

"काढतो ना. रोजच काढतो. कॅमेऱ्याले लावला का मी हात? इचार तुह्या बाबाले!"

खाटेवर लखनलालजी तोंडावर दुपट्टा घेऊन हलत होते. हसत होते ते. झटक्यानंतर पहिल्यांदा.

रविता आधी रडली, मग हसली, मग परत रडकुंडीला आली. त्या दिवशी तिनं मला पक्कं सांगून टाकलं, कॅमेऱ्याची ही जन्मखूण, ही घेऊन जो येईल त्यालाच पाच, बाकी कोणालाही नाही, किती का प्लग जाईनात. ते मी कायमचं लिहून घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

आता लागणारच, असं वाटून ती फलाटावर गेली. मी दाराशी कान लावून बसले. कोणी आलं नाही.

म्हणजे तिनं वाजवलं असणार, पण माझ्यापर्यंत आवाजच आला नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की दुसरंही कोणी येत नव्हतं. एरवी दिवसभर कोणी ना कोणी अनोळखी माझी दारं चाचपून जायचा. कुठल्या कुठल्या देशातले चोरटे, बाविसावं दार हलवून बघ, तेविसावं हलवून बघ. प्रत्येक वेळी माझं काळीज धडधडायचं. आता ते सगळे एकदम नाहीसे. आतून नेट नीट चालू, सुखवंताबाईंची भजनं चालू, आणि बाहेरच्या अंगाला स्मशानशांतता. मला चोरांची भीती वाटायची, पण ही शांतता त्याहून वाईट.

रवितानं गुड्डूला फोन लावायला सुरुवात केली. माझ्यावरूनच लावायची. आधी त्याची कॉलर ट्यून, भक्तिगीत. मग कोणी उचलत नाही. परत भक्तिगीत. तिला तो अर्धा देव पाठ झाला. मेसेज पाठवला, दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. लॅबमध्ये तिच्या हातून एकाच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव पडलं. साहेबांच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं, पण ते म्हणाले, "मन लागत नसेल तर सांगा." हे तिनं आईला सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच तो नीट ऐकू आला नाही.

"आठवडाभर पाह्यतो," ती म्हणाली. "नाही लागलं त राजीनामा देतो. बाबा परत पडले त?"

लखनलालजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. डाव्या हाताची बोटं खाटेची दोरी ओढत होती.

गुड्डूला शेवटी सुखवंताबाईंनी पकडलं. तो हिरालालांच्या दारासमोरच्या खांबावर शिडी लावून वर चढला होता. त्या खाली जाऊन शिडी धरून उभ्या राहिल्या.

"उतर खाली, गुड्डू. चहा मांडला आहे."

"काकी, बाद में आता हूँ ना."

"बाद में नाही. आता उतर, नाही त मी शिडी घरी नेतो."

गुड्डू आला. माझ्याखाली उभा राहून चहा फुंकत म्हणाला, "नेट तो चल रहा है. पूरे गाँव का चल रहा है. मग तुमचीच तक्रार काऊन?"

रवितानं फोन त्याच्यापुढं धरला. "भाऊ, हा माझ्या राउटरला तुम्ही दिलेला पत्ता. आणि हा बाहेरच्या जगाला दिसणारा माझा पत्ता. दोन्ही वेगळे आहेत. आधी एकच होता."

"हाँ तो? नई मशीन बसवली ना सालेकस्याला. अब पूरा गाँव एकच पत्त्यावर आहे. स्पीड बढ़ गई."

"म्हणजे बाहेरून मी दार वाजवलं की ते तुमच्या मशीनला वाजतं. पन्नास घरांचं एकच फाटक, आणि तुमच्या मशीनला माझं घर माहीत नाही. ती परत पाठवून देते."

गुड्डूनं खाटेकडे बघितलं. लखनलालजी त्याच्याकडेच बघत होते. पूर्वी याच माणसानं त्याच्या केबलसाठी आपल्या बांधीतून खांब घालू दिला होता. गुड्डूनं कप खाली ठेवला, माझ्या कुशीतली तार काढून परत लावली, आणि माझ्यावरूनच सालेकस्याला फोन करून म्हणाला, "दरेकसा का एक घर अलग कर दो. हाँ, लखनलाल काका का. पहिल्यासारखा, अलग पत्ता."

जाताना म्हणाला, "फोन नहीं उठाया, सॉरी काकी. दिवसभर सगळे शिव्याच घालतात, म्हून उचलत नाही."

"मी शिव्या देल्या का?"

"शिडी नेत होती ना!"

थोड्याच वेळात माझ्या बाविसाव्या दारावर कोणीतरी चोरटा आला. मी अशी दचकले की चारही दिवे एकदम पेटले. चोर बघून कोणाला आनंद होतो? मला झाला.

आता मी जुनी झालेय. एक दिवा मंद पडलाय, पाठ तापते, जाळीतल्या कुंकवाशेजारी एका कोळ्यानं घर केलंय. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण खिळ्याला लटकत असेल. तुम्हाला एवढंच सांगते, आभाळ आलं तर तिचा प्लग खुशाल काढा, विजेला आम्हीही भितो. फक्त काढला होता, हे घरात कोणाला तरी सांगा. आम्हाला सांगता येत नाही, आणि तुमच्या लेकी फलाटावर जाऊन रडतात.

गुड्डू येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुखवंताबाई शिदोरी घेऊन बांधीत गेल्या. शेवटच्या बांधीची रोवणी होती. घरात लखनलालजी एकटे. त्या बाहेर पडल्या तशी त्यांनी काठी घेतली, डाव्या हातानं आपला दुपट्टा काठीच्या टोकाला अडकवला आणि उभं राहून कॅमेऱ्याकडे नेला. पडला. परत नेला. परत पडला. घाम फुटला, पाय लटपटला, मी श्वास धरून बघत होते. शेवटी दुपट्टा कॅमेऱ्यावर नीट बसला. ते खाटेवर येऊन टेकले आणि दम खाऊ लागले.

मला इतका राग आला, काय सांगू. एवढी पोरगी झटली, फलाटावर खेपा घातल्या, तिच्या आईनं गुड्डूला शिडीवरून उतरवलं, आणि आता घरातूनच दार बंद?

दुपारी ठक्. आठ हजार. मी दचकले. पाच नंबर. कॅमेरा. उघडलं! सगळं बरोबर, सगळं सरळ. पण तिच्या फोनवर गेलं ते फक्त पांढरं कापड आणि त्याचा लाल काठ.

"बाबा?" कॅमेऱ्याच्या तोंडातून तिचा आवाज आला. "बाबा, आहा का?"

लखनलालजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा, पडले त नाही ना? बाबा? मी निघतो आता. साहेबाले सांगतो, उद्यापासून येत नाही." मागे कोणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. "गाडी नसन त ऑटोनं येतो."

खाटेची दोरी ओढणारी लखनलालजींची बोटं थांबली.

मी काही करू शकत नव्हते. फक्त दार उघडं ठेवू शकत होते, आणि ते मी जीव खाऊन उघडं ठेवलं. तिकडे ती रडत नव्हती, पण श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज अगदी हळू झाला.

"दुपट्टा तुमीच टाकला ना? राहू द्या तसाच. माले पाह्यचं नाही काही. दुपट्टा नोको काढा. फक्त एक डाव आवाज द्या, बाबा. मी काम करत बसतो मंग."

मालगाडी गेली. खिळा हलला. पहिल्यांदाच मी दचकले नाही, कारण खाटेवर लखनलालजी डाव्या कोपरावर उठत होते, जड जीभ ओठांत वळवत होते, आणि त्या पांढऱ्या कापडाकडे तोंड करून म्हणाले,

"आहो ना मी. बोल, बाई."